डोळ्यांपर्यंत आलेली भिंत

डब्लिनमधल्या माझ्या बसथांब्यासमोर एका जुन्या इमारतीच्या उघड्या बाजूवर एका तरुणाचा चार मजली चेहरा रंगवलेला होता. हा तरुण स्वतःच रस्त्यावरच्या भिंतींवर चित्रं रंगवायचा. तो अचानक गेला, तेव्हा मित्रांनी छतावरून सोडलेल्या झुल्यावर बसून त्याला तिथे रंगवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या या मंडळींचा एक नियम आहे, गेलेल्या माणसाच्या चित्रावर कोणी रंग मारायचा नाही. शहरातल्या बाकी भिंती आठवड्याला बदलतात, हिला इतकी वर्षं कोणी हात लावला नाही.

हे मला त्याच्या आईने सांगितलं. ती रोज सकाळी थांब्यावर यायची, पण बस कुठलीच पकडायची नाही.

मग शेजारचा मोकळा प्लॉट विकला गेला आणि तिथे हॉटेल उभं राहू लागलं. त्याची भिंत चेहऱ्याला चिकटून वर चढू लागली. विटांना कसले आलेत नियम! आधी हनुवटी गेली, मग ओठ. मला वाटायचं, माणूस एकदाच जातो. हा मजल्यामजल्याने जात होता आणि आम्ही खाली उभे राहून बघत होतो. बरं, चिडायचं तरी कोणावर? गवंडीसुद्धा सकाळी त्याच्याकडे बघून डोक्यावरची टोपी काढायचे आणि मग कामाला लागायचे.

काल डोळे बुजले. तरी ती आली.

“आत आहे तो,” ती म्हणाली. “अजून कोणी रंग मारलेला नाही त्याच्यावर.”

आणि समोर आली त्या बसमध्ये, नंबरही न बघता, चढून गेली.