रुळाचं बंपर

अभिमन आज ट्रक घेऊन बिजासन घाट चढणार, ही गोष्ट मंदाबाईंच्या मनातून सकाळपासून हलत नव्हती. हा घाट तो कितीदा तरी चढला होता. पण मागच्या खेपेला एका वळणावर स्टेअरिंग हातात हलकं लागलं, पुढची चाकं जमिनीवर आहेत की नाहीत हेच कळेना, असं तो लोहाराशी बोलताना सहज बोलून गेला होता. आई मागे डबा घेऊन उभी आहे, याचं भान त्याला राहिलं नव्हतं.

धुळ्यातल्या रुपचंद वकिलांचा हा एकुलता एक मुलगा. लहानपणी बाजारच्या दिवशी हरवला, तेव्हा तो एका उभ्या बैलगाडीखाली सापडला होता. चाकाच्या आसाला वंगणात माखलेलं बोट लावून बघत बसला होता, रडत नव्हता. वडिलांना वाटलं, पोरगा चौकस आहे, वकील होईल. मॅट्रिकनंतर त्याला पुण्याला कॉलेजात घातलं. मंदाबाई स्वतः तिथूनच बी.ए. झालेल्या, त्यामुळे कोणत्या खोलीत वारा येतो इथपर्यंत त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं. पण मधेच युद्ध आलं, आणि हा कॉलेज सोडून लष्कराच्या मोटार विभागात भरती झाला. युद्ध संपल्यावर परत आला तो लष्करी लिलावातला एक ट्रक घेऊनच. हिरवा रंग उडालेला, एका बाजूचा दिवा फुटलेला. वकिलांनी खिडकीतून ट्रककडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. त्यावर ते आजतागायत काही बोललेले नाहीत.

अभिमन शिरपूरच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापसाच्या गाठी भरायचा आणि घाट चढून इंदूरच्या गिरण्यांना पोचवायचा. पहिल्यांदा मंदाबाईंना त्याची लाज वाटली, हे खरं. मग एकदा त्या त्याच्या शेजारी बसून शिरपूरपर्यंत गेल्या. रस्ताभर त्याचं सगळं लक्ष गाडीत होतं. कुठे खड्डा येण्याआधीच त्याचा पाय हलायचा, इंजिनाच्या आवाजात थोडा फरक पडला की मान तिरकी व्हायची. आपण वाढवलेल्या मुलात हे कुठून आलं, याचं त्यांना नवल वाटलं. त्या दिवसापासून लाज गेली आणि तिच्या जागी काळजी आली.

त्या काळजीनेच तर बंपर आणलं. नशिराबादजवळ एक उधळलेला बैल ट्रकच्या तोंडावर आदळला, रेडिएटर फुटलं, आणि अभिमनला रात्र शेतात काढावी लागली. मंदाबाईंनी हट्टच धरला. पुढे काहीतरी भक्कम लाव, नाहीतर गाडी विकून टाक. तो हसला, पण भुसावळहून भंगारातला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून त्याने ट्रकच्या नाकावर बसवला. तुझ्यासाठी हत्तीचा सुळा लावलाय, म्हणाला. त्या दिवशी मंदाबाईंना शांत झोप लागली.

मात्र ट्रकचं नाक खाली बसलं. खड्ड्यातून जाताना पुढची चाकं वर मडगार्डला घासायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. एवढं वजन पुढे आलं, तर ते पेलणाऱ्या पुढच्या कमानपाट्यांनाही जोर द्यायला हवा, हे अभिमनला कळत होतं. पण हंगाम चालू होता, आणि एक खेप होऊ दे म्हणून तो तसाच निघाला.

त्या खेपेनंतर शिरपूरहून वना आबा आले. वना आबांनी उभी हयात मंदाबाईंच्या सासऱ्यांच्या बैलगाड्या हाकल्या होत्या. आता ते जिनात हमालांचे मुकादम होते. अभिमन आला की गाठी भरण्याचं काम त्यांच्यावर सोपवून तो ओट्यावर डोळा लावायचा, कारण पुढे रात्रभर गाडी चालवायची असे. आबांनी पेरूची पिशवी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच एक गंमत सांगितली.

“अक्का, पोऱ्याले सांगू नका. नाक खाले जायेल व्हतं, मी जड गाठी बठ्ठ्या शेपटीवर टाकी दिध्या. गाडी कशी सरळ व्हई गयी.”

बैलगाडीची रीत तीच. जुवावर भार आला की बैलांच्या माना दुखतात, म्हणून माल जरा मागे सारायचा. आबांनी केबिनच्या बाजूला हलकी सुटी पोती लावली होती आणि मागच्या फळीपाशी जड गाठी, वरून ताडपत्री. बघणाऱ्याला काही कळणार नव्हतं. पोराच्या गाडीच्या मानेवरचं ओझं आपण उतरवलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मंदाबाईंनाही बरं वाटलं. त्यांनी आबांना लाडू दिले, आणि शब्द दिल्याप्रमाणे अभिमनपाशी काही बोलल्या नाहीत.

परवा त्या डबा घेऊन झुलाल लोहाराच्या भट्टीवर गेल्या, तेव्हा ट्रकचं तोंड लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं होतं आणि कमानी सुटून जमिनीवर पडल्या होत्या. एकाखाली एक लहान होत जाणारे पोलादी पाटे. एवढ्या मोठ्या गाडीचं तोंड या पट्ट्यांवर उभं असतं, हे मंदाबाईंना पहिल्यांदाच दिसत होतं. झुलालने नवा पाटा भट्टीत घातला. त्याची बायको भिकुबाई भाता सोडून घण घेऊन उभी राहिली. पाटा लाल झाल्यावर झुलालने तो ऐरणीवर धरला, आणि भिकुबाईचा घण तो जिथे बोट दाखवेल बरोबर तिथेच पडू लागला. पाटा हळूहळू वाकत गेला. झुलाल तो जुन्या पाट्याला लावून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा भट्टीत. शेवटी पाटा तेलात गेला, धूर उठला, आणि मंदाबाई नकळत दोन पावलं मागे सरकल्या.

कमानी बसवून ठोकळे काढले, तेव्हा ट्रक खाली येता येता मधेच थांबला आणि तसाच उभा राहिला, रुळासकट. आधी चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोट जात नव्हतं, तिथे अभिमनने मूठ घालून दाखवली. मग तो बंपरवर चढून उड्या मारू लागला. ट्रक एकदा दबला, उठला आणि शांत झाला. मंदाबाई बघतच राहिल्या. देवळातल्या गाभाऱ्यापाशी उभं राहावं, तशा त्या उभ्या होत्या. हे लोखंड वाकत होतं, आणि वाकत होतं म्हणूनच तोलत होतं.

झुलाल मात्र हात पुसत कपाळाला आठ्या घालून उभा होता.

“नाक खाले बसनं ते स्टेरिंग जड लागाले पाहिजे, भाऊ. तू म्हणस हलकं लागनं. ते मले समजत नही.”

अभिमन म्हणाला, आता पाटा घातलाय ना, होईल ठीक. आणि डबा उघडून जेवायला बसला.

आज दुपारी तो शिरपूरला गेला. दिवेलागणीला मंदाबाई तुळशीपाशी वात लावत होत्या. पलीकडच्या आळीत एक गाडीवान गवताची गाडी उतरवत होता. त्याने पुढचं गवत आधी काढलं, आणि मागच्या भाराने गाडी उलार झाली, जू वर उचललं गेलं. बैलांच्या माना मोकळ्या झाल्या, पण आता त्यांनी कितीही ओढलं असतं तरी गाडी वळली नसती.

मंदाबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. झुलालला जे समजत नव्हतं, ते त्यांना समजलं होतं. पाटा चांगला होता, कमान चांगली होती. पण वना आबा आजही प्रेमाने जड गाठी शेपटीवर लावणार, वर ताडपत्री ओढणार, आणि घाटाच्या चढावर अभिमनची पुढची चाकं पुन्हा जमीन सोडू बघणार. आबांची ती गंमत माहीत असलेलं माणूस घरात एकच होतं.

वकिलांच्या खोलीत फोन होता, जिनाच्या कचेरीतही होता, आणि गाडी भरून निघायला अजून वेळ होता. पण अडचण फोनची नव्हती. दिवाळीआधी त्यांनी एकदा अभिमन जेवला का, हे विचारायला जिनात फोन केला होता, आणि कारकुनाने तो निरोप भर अंगणात ओरडून सांगितला होता. तेव्हापासून हमाल त्याला रोज विचारायचे, शेठ, जेवणं व्हयनं का? घरी आल्यावर तो चिडला नव्हता, नुसतं म्हणाला होता, “आई, तिथे मी कोणाचा तरी मुलगा नाहीये गं. तिथे मी गाडीवाला आहे. पुन्हा फोन करू नकोस.” आणि त्यांनी त्याला तसा शब्द दिला होता.

मंदाबाई वकिलांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वकिलांनी कागदातून वर पाहिलं. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. खुर्ची मागे सारून उठले आणि फोन तिच्या बाजूला सरकवला. एवढ्या दिवसांत मुलाच्या गाडीबाबत त्यांनी केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

अभिमनला फोनवर बोलवायचंच नाही, मंदाबाईंनी ठरवलं. वना आबांना बोलवायचं. मानेवरचा भार मानेवरच राहू द्या आबा, आता ती मान भक्कम केली आहे, एवढंच सांगायचं. हमाल हसले तर हसू देत, आणि शब्द मोडला म्हणून पोरगा रागावला तर घरी येऊन रागावू दे. त्यांनी वातीच्या तेलाचा हात पदराला पुसला आणि एक्स्चेंजला शिरपूर जोडून द्यायला सांगण्यासाठी फोन उचलला.