सुपेल्याच्या भिंतीवरचं माप

लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या खेड्यातून मी भिलाईला आले, तेव्हा कारखाना अजून अर्धाच उभा होता. नवरा तिथं फिटरच्या हाताखाली लागलेला. दुपारी क्वार्टरमध्ये करमायचं नाही, म्हणून मी सेक्टरातल्या शिवणवर्गाला जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई रायपूरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं बोलणं इतकं स्वच्छ, की माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की मी पुढचं वाक्य गिळून टाकायची.

एक दिवस त्या आम्हाला जवळच्याच सुपेला वस्तीत घेऊन गेल्या. कामगारांचे कपडे शिवणारी एक शेड होती तिथं. जाड निळ्या कापडाचे थरावर थर रचून त्यावर खडूनं खुणा केलेल्या, आणि एक माणूस लांब सुरीनं सगळे थर एकदमच कापत होता. कुणी फक्त खिसे शिवत होतं, कुणी फक्त कॉलर. आख्खी पँट एकट्यानं शिवणारं कुणीच नव्हतं. मला ते फार आवडलं. खिसा तर मला येतोच, असं मनात आलं.

शेजारच्याच शेडमध्ये बूट बनायचे. फळीवर लाकडाचे पाय ओळीनं मांडलेले, त्यांच्यावर चामडं ताणून खिळे ठोकायचे. मालक हिंदीत सांगत होता, की साइटवर घमेली वाहणाऱ्या रेजा बायांसाठी चपला करायच्या आहेत, पण हे सगळे साचे पुरुषांचे. बाईच्या पायाचं माप पाहिजे.

बाईंनी आमच्याकडं नजर फिरवली. दोन साहेबांच्या बायका आमच्यात होत्या, त्यांना पाय पुढे करा असं त्या कसं म्हणणार! "अगं, तू ये पुढे," त्या मला म्हणाल्या. "तुझा पाय कामाचा दिसतो."

शेजारणीकडून मागून आणलेल्या सँडल मी घालून गेले होते. त्या काढल्या. बोटांना फोड आलेले, टाचांच्या भेगांत काळी माती मुरलेली. लहानपणापासून चिखलात धानाची रोवणी करून माझी बोटं पंज्यासारखी फाकली होती. मी कागदावर पाय ठेवला. कारागीर खाली बसला आणि पेन्सिल फिरवू लागला. कागदाच्या कडेबाहेर माझं करंगळीचं बोट गेलं.

"औरत का पैर ऐसा भी होता है?" मालक म्हणाला. त्या साहेबांच्या बायकांपैकी एक फसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. बाईसुद्धा.

घरी सासूनं विचारलं, "कावून गेली व चामड्याच्या कारखान्यात?" आणि चुलीपाशी यायच्या आधी आंघोळ करायला लावली. पाय घासता घासता मी रडले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पायच तं आहे. त्यात काय एवढं?"

पुढं बाईंनी आमच्यासाठी दोन्ही शेडमध्ये काम ठरवलं. आम्ही परत गेलो, तर बुटांच्या शेडमध्ये माझ्या पायाचा कागद भिंतीला खिळ्यानं ठोकलेला. खाली कोळशानं लिहिलं होतं, ‘रेजा’. बायका एकमेकींना दाखवू लागल्या.

मी मालकाला हळूच म्हटलं, "तो कागद काढून द्या ना."

"क्यों? इसी नाप पर तो साँचा बना है," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला.

चपलांच्या कामाला पैसे जास्त होते. तरी मी खिशांचं काम मागून घेतलं. का, म्हणून बाईंनी विचारलं. मी म्हटलं, चामड्याचा वास सहन होत नाही. त्यांना ते पटलं.

बरीच वर्षं मी खिसे शिवले. संध्याकाळी सुपेल्याच्या चौकात साइटवरून परतणाऱ्या बाया भेटायच्या. त्यांच्या पायांत पुढून रुंद, काळ्या चपला असायच्या. एकीला मी एकदा विचारलं, "लागत नाहीत ना?"

"नाही जी, बने हावय," छान आहेत, असं ती छत्तीसगढीत म्हणाली, आणि माझ्या पायांकडं पाहायला लागली. मी लुगडं खाली ओढलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेले.