गाडी तापवायला

दाक्षायणीचा नवरा शरणप्पा वारल्यावर त्याची मोटारसायकल वर्षभर जिन्याखाली धूळ खात उभी होती. विकायला काढली, तर येणारं गिऱ्हाईक गाडीकडं कमी आणि घरात दुसरं कोण आहे याकडंच जास्त बघायचं, आणि भाव पाडून मागायचं. शेवटी तिनं ती ढकलत जुळे सोलापुरातल्या मोकळ्या मैदानावर नेली आणि स्वतःच शिकली. पडली, गुडघा फोडून घेतला, पण शिकली. सत्तेचाळीस वर्षांची बाई मोटारसायकलवर बसून जाते, याचं कॉलनीला थोडे दिवस नवल वाटलं. मग तेही सरलं.

मूलबाळ नव्हतं. सकाळी ती एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढायला बसायची. नाव, वय, गाव, काय होतंय, असं दिवसभर विचारायची. संध्याकाळी घरी आली, की दाराची कडी लावल्यापासून सकाळी ती काढेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. कधीकधी कुकरची शिट्टी झाली की ती उगाच "व्हय, आले" म्हणायची.

अशात माघाच्या सुमारास सायलेन्सर फुटला. पायाखालच्या वळणावर पत्रा सडून भोक पडलं आणि गाडी अशी काही फटफटायला लागली, की अख्खी गल्ली दारात आली. घोट्याला गरम वाफ लागायची. तळमजल्यावरचे वेणीमाधव गुरुजी, ज्यांनी तिच्याशी कधी धड बोलणं केलं नव्हतं, ते बाहेर येऊन म्हणाले, "अहो बाई, काय हे? दुपारची झोप उडवलीत की माझी."

"सायलेन्सर गेलाय गुरुजी. करून घेते."

"करून घ्या. आणि पाय जपा, भाजेल बिजेल."

पाय जपा. तेवढं ऐकून दाक्षायणी जिना चढताना मध्येच थांबली. दवाखान्याचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, बुलेट घेतली काय?" समोरच्या घरातली सून गच्चीवरून ओरडून विचारायला लागली, "आज लवकर आलात?" आवाज आधी पोचायचा आणि माणसं तिच्याकडं वळून बघायची. आज करू, उद्या करू, असं म्हणत दाक्षायणीनं दुरुस्ती लांबवली. पैशाचं कारण होतंच, पण खरं कारण ते नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. स्वतःची लाज वाटायची आणि तरी सकाळी किक मारताना बरं वाटायचं.

सात रस्ता चौकात हवालदारानं बाजूला घेतलं तेव्हा मात्र विषय संपला. "पुढच्या खेपेला पावती फाडीन," असं तो म्हणाला. ती तशीच विजापूर रोडवरच्या शिवपुत्रच्या गॅरेजवर गेली.

शिवपुत्रनं वाकून बघितलं. "वेल्डिंग मारून काय उपयोग न्हाय अक्का. पत्रा पापडासारखा झालाय. शिवंल तितं नवीन भोक."

"नवीन केवढ्याला?"

त्यानं आकडा सांगितला. तिनं पर्स उघडलीच नाही.

"मग डुप्लिकेट घ्या. स्वस्त हाय, पण पत्रा पातळ, आवाज डब्यासारखा येतोय. त्यापेक्षा जुन्या गाडीचा काढलेला ओरिजनल बघतो की. भंगारात चांगला माल निघतोय कधीकधी. नवी पॅकिंग घालतो, काळा रंग मारतो. दोन-तीन वर्षं बघायला नको."

दोन दिवसांनी माल मिळाला. जुना सायलेन्सर काढून त्यानं उलटा केला, तर आतून तांबूस पाणी आणि गंजाचे पापुद्रे पडले. शिवपुत्र त्याकडं बघत म्हणाला, "गाडी लांब कुटं जात न्हाय का?"

"घर ते दवाखाना."

"तेच की! इंजिन नीट तापायच्या आत बंद करताव. आतलं पाणी वाळत न्हाय, मग आतनंच खातंय. आठवड्यातनं एकदा तासभर पळवा. कोन न कोन असंलच की लांब ऱ्हानारं."

"हाय की," दाक्षायणी म्हणाली.

नवा जोडलेला सायलेन्सर गुणी निघाला. गाडी अशी मऊ चालली, की ती गल्लीत शिरली, गाडी लावली, वर गेली, तरी कुणाचं दार हललं नाही. गुरुजींची दुपारची झोप पुन्हा सुरळीत झाली. समोरची सून गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिनं मान वर केली नाही.

रविवारी ती गाडी काढून पुणे रोडला लागली. मोहोळपर्यंत जायचं आणि मागं फिरायचं, एवढंच ठरवलं होतं. मोहोळ आलं, पण हात आपोआप पुढंच नेत राहिला. मोडनिंबला मल्लव्वा राहायची. पूर्वी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती, निवृत्त होऊन मुलाकडं गेली होती. जाताना म्हणाली होती, "ये की एकदा." असं सगळेच म्हणतात.

मल्लव्वाच्या दारात जीप उभी होती. मंडळी बारशाला निघाली होती, लहान पोरांना पावडर लावणं चाललं होतं. तिला बघून मल्लव्वाचा आधी विश्वासच बसेना.

"दाक्षा? कुनासंगं आलीस ग?"

"एकटीच. गाडीवर."

"एवढ्या लांब? काय काम काढलंस?"

"काम न्हाई काय. गाडी तापवायला आले."

मल्लव्वा पोट धरून हसली. "ऐकलंव का, गाडी तापवायला मोडनिंबला आली म्हनं!" सूनबाई हसली, मुलगाही हसला. दाक्षायणीही हसली, पण डोळे कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मल्लव्वाचं हसू मग हळूहळू थांबलं. तिनं दाक्षायणीचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. जीपवाला हॉर्न वाजवत होता, तरी ती उठेना.

"चल की आमच्यासंगं. बारसं हाय, चार मानसं भेटतील."

"नको ग. वळखीचं कोन न्हाई."

"मग सांगून येत जा. सांगून आलीस तर मी घरी थांबत जाईन." तिनं आत जाऊन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कागदात बांधून आणली. मग जीप गेली आणि ओटा रिकामा झाला. शेजारच्या घरातलं कुत्रं थोडा वेळ दाक्षायणीकडं बघत राहिलं.

परतताना तिनं एका बाभळीखाली गाडी लावली आणि तिथंच उभ्याउभ्या भाकरी खाल्ली. घरी नेऊन ताटात वाढून घ्यायचं जिवावर आलं. ट्रक जायचे, पदर उडायचा. चटणी झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथं बघणारं कुणी नसल्यानं तिनं ते पुसायची घाई केली नाही.

आता ती महिन्यातून एखाद्या रविवारी मोडनिंबला जाते, फोन करून. मल्लव्वा खरंच थांबते. बाकीच्या रविवारी ती मोहोळला चहा पिऊन, एकटीच, गाडी फिरवते.