हसऱ्या चेहऱ्याचं बटण

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला परळचं ते वॉर्ड ऑफिस आठवतं. बायको गेल्यावर तिच्या मृत्यूचा दाखला आणायला मी एकटाच गेलो होतो. महापालिकेत अख्खा दिवस मोडतो, म्हणून ती नेहमी डबा घ्यायला लावायची. त्या दिवशी मीच पोळी-भाजी भरून घेतली, रजाही पूर्ण दिवसाची टाकली. तिथे मात्र सगळं बदललेलं. एसी, टोकन आणि कोण किती वेळात काम उरकतं ते दाखवणारा स्क्रीन. बाकावर नीट टेकतोय तोवर नंबर लागला, दाखला हातात आला, कागद अजून कोमट होता. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, जाताना त्या मशीनवर हसरा चेहरा दाबा हां, आमचं रेटिंग त्याच्यावरच असतं." तिने काम चोख केलं होतं. मी दाखल्यावरच्या बायकोच्या नावावरून बोट फिरवलं आणि त्याच बोटाने हसरा चेहरा दाबला. मग डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिलो. शिपाई आला, "काम झालं नाय का, काका?" "झालं ना," मी म्हटलं, पण उठलो नाही. आजही दुकानात त्या दाखल्याची झेरॉक्स लगेच हातात पडली. दुकानदाराला म्हटलं, "अजून एक काढ. सावकाश."