खाणावळीमागची विहीर

दूषित जमिनी कशा साफ करायच्या याचा सल्ला देणारी आमची कचेरी कारापूरला, एका खताच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत होती. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी तिथे अहवाल लिहायला लागलो. मातीत काय सापडले ते वाचणाऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायचे, एवढे काम. कारखानदारासाठी इंग्रजी प्रत, गावासाठी मराठी. गावाची प्रत कोणी वाचत नाही, असे रुजू होताना सांगण्यात आले. ते खरे नव्हते.

जीपमध्ये आम्ही तिघे असायचो. भूगर्भतज्ज्ञ बाई डिचोलीच्या. त्यांचे वडील खाणीच्या कचेरीत होते, त्यामुळे मातीचा रंग पाहून ती कुठल्या डोंगराची हे त्या लहानपणापासून सांगत. गिरमिटवाला दोडामार्गकडचा. खाणी चालू होत्या तेव्हा तो सुरुंगाची भोके पाडायचा. खाणी थांबल्यावर हाताचे गिरमिट फिरवून मातीचे नमुने काढू लागला. तो मला कधी नावाने हाक मारत नसे. ‘पेपरवाले’ म्हणे.

सकाळी डिचोलीच्या बाजारात थांबायचे, पातळभाजी आणि गोल उंडे पाव खायचे, मग कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरायचे. बर्फाची पेटी माझ्या पायाशी असे. तिच्यात तपकिरी काचेच्या रिकाम्या बाटल्या असत आणि खड्डा आला की त्या एकमेकींवर किणकिणत. तो आवाज अजून आठवतो. त्या रस्त्यावर आता पूर्वीसारखे खड्डे नाहीत.

तुये आणि पार्से यांच्या मधे पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना बंद पडला होता. बॉयलरसाठी लागणारे जाड, काळे तेल जमिनीखालच्या टाकीत ठेवलेले असायचे. टाकीचा तळ गंजला होता. जमीन विकायची होती आणि घेणाऱ्याची अट होती की आधी माती साफ झाली पाहिजे. तेल कुठवर गेले ते शोधून नकाशावर एक लाल रेषा ओढायची, हे आमचे काम. रेषेच्या आतले सगळे मालकाने साफ करायचे. रेषेबाहेरचे कोणाचेच नाही.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक खाणावळ होती. ती चालवणारी बाई पन्नाशी ओलांडलेली. कारखान्याच्या पाळ्या सुटल्या की तिच्या बाकांवर जागा मिळत नसे, असे गावात सांगत. खाणावळीमागे तिची विहीर होती आणि भिंतीपासून ती पंधरा पावलांवर होती. कारखाना बंद व्हायच्या थोडे आधी एके सकाळी पाण्याला रॉकेलसारखा वास आला. त्याच दिवसापासून तिने ते पाणी चुलीपाशी नेले नाही. गिऱ्हाइकांना सांगितले, बांय आटली, म्हणजे विहीर कोरडी पडली. तेव्हापासून नळ तासभर येई तेवढ्यात पिंपे भरायची आणि त्यात जमेल तेवढाच भात शिजवायचा. औद्योगिक वसाहतीतली नवी पोरे जेवायला जागा शोधत होती. हिच्याकडे दहा ताटांच्या वर पाणी पुरत नव्हते. विहीर लाल रेषेच्या आत आली तर साफ होणार होती. बाहेर राहिली तर खाणावळ फार दिवस चालली नसती. हे तिने आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले आणि वर म्हणाली, “गावात बोलू नाका.”

गुरुवारी येऊन विहिरीचा नमुना घेऊ, असे भूगर्भतज्ज्ञ बाईंनी तिला कळवले. गुरुवारी पोहोचलो तर अंगण सारवलेले, विहिरीच्या कठड्याला चुना लावलेला, कठड्यावर नारळ आणि हळदकुंकू. पाणी तळाशी, आरशासारखे. गिरमिटवाल्याने बाल्दी सोडली, वर काढली, नाक लावले.

“म्याडम, ब्लिचिंग.”

भूगर्भतज्ज्ञ बाईंनी बाटली पेटीत परत ठेवली. “मावशी, काय केलंत?”

“उपसली. काल चार माणसां लावली. गाळ काढलो, पावडर घातली.” तिच्या आवाजात अभिमान होता. या भागात मे महिन्यात विहिरी उपसतात. शेजारीपाजारी जमतात, एक जण खाली उतरतो, गाळ माडांच्या आळ्यांत जातो. हिने दोन वर्षे उपसली नव्हती. “तपासूक माणसां येतली आनी बांय घाण ठेवची? आमी तशी माणसां न्हय.”

गिरमिटवाला कठड्यावर बसला. “काकी, डाक्टराकडे जाताना ताप घराक ठेवन जातास काय?”

“आनी तू न्हाल्याशिवाय वता डाक्टराकडे? न्हावन वता न्हय? तशेंच हें.”

गिरमिटवाल्याने हसून बाल्दी पुन्हा सोडली. 

नमुना तरीही घेतला, कारण ठरलेल्या दिवशी ठरलेला नमुना घ्यावाच लागतो. प्रयोगशाळेचा निकाल आठवड्याने आला. पाण्यात तेल जवळजवळ नाही. मालकाच्या वतीने जे गृहस्थ आमच्याशी बोलत ते कारापूरला आले आणि कागद टेबलावर ठेवून बसले. “तुमचीच बाटली, तुमचीच प्रयोगशाळा. आता रेषा भिंतीपाशी थांबवा.”

भूगर्भतज्ज्ञ बाई म्हणाल्या, विहीर आदल्या दिवशी उपसली होती. ते म्हणाले, असे कुठे लिहिले आहे? लिहिलेले कुठेच नव्हते. अहवालाची मुदत आठ दिवसांवर आली होती आणि पाण्यावर तेलाचा तवंग पुन्हा धरायला महिना तरी लागला असता. मुदत वाढवून द्यायला ते तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत तुयेला गेलो. भूगर्भतज्ज्ञ बाईंनी विचारले, उपसलेला गाळ कुठे टाकला? खाणावळवालीने मागचे दोन माड दाखवले. गिरमिटवाला उकिडवा बसला, गाळाची वरची सुकलेली साय खुरप्याने बाजूला केली, खालचा चिखल चिमटीत चोळला आणि बोटे माझ्या नाकाशी आणली.

“हो बघा ताप. माडाच्या मुळात निजलोसा.”

वास स्पष्ट होता. दोन्ही आळ्यांतून नमुने घेतले. एवढ्याने भागणार नव्हते. गाळात तेल निघाले तरी तो गाळ याच विहिरीतला कशावरून, असे ते गृहस्थ विचारणारच होते. त्याला उत्तर एकच होते. खाणावळवालीने लेखी द्यायचे: विहीर कधी उपसली, गाळ कुठे टाकला, वास कधीपासून येत होता. अहवालाला तो कागद जोडला की तो पंचायतीत जाणार आणि गाव वाचणार.

कागद मी लिहिला. खाणावळीतल्या लांब मेजावर बसून तिला वाचून दाखवला. बातमीत महत्त्वाचे आधी येते. त्या सवयीने पहिले वाक्य होते की विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येत असे.

तिने हात वर केला. “हें काडून उडय.”

“हे काढलं तर कागदात काही उरत नाही.”

“लोक म्हणतले, हिणें आमकां रॉकेलात शिजोवन घातलें. मागीर कोण जेवतलो हांगा?” तिने बाकांकडे पाहिले. दुपारची वेळ होती. तिघे जेवत होते. त्यातला एक ताट तसेच ठेवून ऐकत होता. “बांय आटली असां सांगलां हांवें. खोटें सांगलें, फट मारली. ती फट आता कागदार येतली.”

भूगर्भतज्ज्ञ बाई तिच्या शेजारी बसल्या. सही करायलाच हवी असे नाही, त्या म्हणाल्या. सही नसेल तर विहीर बाहेर राहील. सही असेल तर बहुधा आत येईल, पण गाव काय म्हणेल ते आम्हाला सांगता येणार नाही. इतके सरळ त्या कोणाशीही बोलत. त्यांच्याबरोबर काम करणे त्यामुळेच सोपे होते.

खाणावळवाली उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती परत आली तेव्हा पदराला हात पुसत होती.

“बरय. पयलीं हें घाल. ज्या दिसा वास आयलो त्याच दिसापासून ह्या बांयचें पाणी हांवें कोणाच्या ताटांत घातलें ना. मागीर वासाचें. मागीर फटीचें. फट मारली तेंय घाल.”

मी क्रम बदलला. कागद जास्त खरा झाला, आणि जास्त पटणाराही. आपली चूक स्वतः सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात, हे बातम्यांच्या टेबलावर इतकी वर्षे काढून मला सुचले नव्हते.

गिरमिटवाला दारातून म्हणाला, “पेपरवाल्यांनू, तुमची नोकरी गेली.”

तिने सही केली. अक्षरे मोठी, एकेक सुटे. ताट ठेवून ऐकणाऱ्या माणसाने भात मागितला आणि तिने तो वाढला, नेहमीपेक्षा थोडा जोरात.

गाळात तेल निघाले. मालकाच्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला, तिच्या सहीवर बोट ठेवले आणि मग नकाशा पुढे ओढला. लाल रेषा भिंत ओलांडून विहिरीभोवती फिरून परत आली. नकाशावर तिथे एक पोट आल्यासारखे दिसे. तो नकाशा नंतर बरीच वर्षे कारापूरच्या भिंतीवर होता.

कारखान्याच्या आवारातली माती खणून नेली. विहिरीवर पंप बसला आणि पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळून निघू लागले. वर्षभर आम्ही ठरावीक अंतराने बाटल्या भरायला जात राहिलो. गावात कागदाची चर्चा झाली. काही जणांनी जेवायला येणे सोडले. त्यातले थोडे परत आले. चतुर्थीच्या सुमारास एका बाईने खाणावळवालीला भर बाजारात टोमणा मारल्याचेही कानावर आले.  वर्षभर तिने ताटे वाढवली नाहीत आणि पिंपे भरणे थांबवले नाही.

लागोपाठ तिसरा नमुना स्वच्छ आला तो कागद घेऊन आम्ही दुपारी पोहोचलो. मी कागद पुढे केला. तिने घेतला नाही.

“वाच. मोठ्यान वाच. सगळ्यांक आयकूं येवंक जाय.”

सहा-सात जण जेवत होते. मी उभा राहून मराठी प्रत वाचली, तारीख आणि आकड्यांसकट. ऐकणाऱ्यांत कोणाला आकड्यांतले कळले असेल असे वाटत नाही. शेवटचे वाक्य होते की हे पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास योग्य आहे.

वसाहतीतला एक पोरगेला कामगार हातातला घास तसाच धरून म्हणाला, “मग आजची आमटी खंयच्या पाण्याची गे मावशी?”

“नळाची. फाल्यां बांयची. येवंक जाय जाल्यार ये, ना जाल्यार ना.” उद्यापासून विहिरीचे पाणी, यायचे तर या, असे तिने सर्वांदेखत सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी तुयेला आमचे काही काम नव्हते. भूगर्भतज्ज्ञ बाईंनी जीप काढली. खाणावळीत पोहोचलो तेव्हा पोरगेला कामगार बाकावर बसलेला होता आणि बरोबर आणखी दोघांना घेऊन आला होता. खाणावळवाली आमच्याकडे न पाहता वाढत होती. भात, सुंगटांची म्हणजे कोळंबीची आमटी, सोलकढी. आज सगळे विहिरीच्या पाण्याचे. त्या पोराने आमटी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा तिने पळी भांड्यात तशीच क्षणभर धरली, मग वाढली, आणि आत जाऊन चुलीवर आणखी भाताचे आधण ठेवले.