तापलेल्या इंजिनाचं माप

क्लबात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘मापाडी’ म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. आठवडाभर आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर वाकून लोखंड तासायचं आणि रविवारी हौशी मंडळींच्या मोटारशर्यतीत इंजिनं तपासायची, हेच त्यांचं आयुष्य. या शर्यतीत बेकरीवाले, दंतवैद्य, शाळेच्या बसचे ड्रायव्हर असले लोक एकाच बनावटीच्या जुन्या छोट्या गाड्या पळवतात. बक्षीस म्हणजे पत्र्याचा एक कप. पण त्या कपासाठी भलीभली माणसं काय काय उद्योग करतात, ते मापाड्यांना विचारावं. सिलिंडर ठरल्यापेक्षा जरासे रुंद करून घेतले की गाडीला चोरटा जोर येतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर जिंकणाऱ्याचं इंजिन शेडमध्ये सगळ्यांसमोर उघडतात. मापाडी सिलिंडरमध्ये गेज, म्हणजे रुंदी मोजायचं काट्याचं यंत्र, घालतात आणि माप नियमात बसतं की नाही ते सांगतात. त्यांनी एकदा सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

मोजण्याची एक पद्धत त्यांनीच घालून दिली होती. आधी मोजणाऱ्याने आणि गाडीच्या मालकाने, दोघांनीही, इंजिनावर उघडा तळहात ठेवायचा आणि घरच्यादारच्या गप्पा मारत उभं राहायचं. गप्पांच्या नादात कुणालाच हात उचलावासा वाटला नाही, तर इंजिन थंड झालं असं समजायचं आणि मगच गेज हातात घ्यायचं. कारण तापलेलं लोखंड फुगतं आणि माप खोटं दाखवतं. नव्या मंडळींना हे ते इतक्यांदा ऐकवत, की त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल व्हायची.

हंगामाच्या शेवटच्या त्या रविवारी जिंकली ती त्यांची भाची. थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. नोकरी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत, पण जीव सगळा ग्रीसमध्ये. मामाच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून ती अक्षरांच्या आधी पाने आणि पक्कडी ओळखायला शिकली होती. हे इंजिन तिने एकटीने बांधलं होतं. सिलिंडर झिजलेले, ते नियमात बसतील तेवढेच घासून घ्यायचे होते. मामाचं वर्कशॉप हाकेच्या अंतरावर असताना ती ते काम गावाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. “उद्या कुणी तुझ्याकडे बोट दाखवायला नको,” असं म्हणाली होती.

बोट दाखवायला माणसं काय, कुठेही मिळतात. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, निघेपर्यंत शेडमध्ये गर्दी जमली होती. दुसरा आलेला बेकरीवाला चहाच्या कपात बघत म्हणाला, “आता मामाच मोजणार म्हटल्यावर माप कशाला चुकतंय?”

दोघेचौघे हसले. वाईट हसू नव्हतं ते, रविवारच्या संध्याकाळचं आळशी हसू होतं. पण मापाड्यांच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. इतकी वर्षं जपलेलं नाव डोळ्यांसमोर मातीला मिळताना दिसलं. थांबलो तर म्हणतील, भाचीसाठी थांबला. गप्पा मारल्या तर म्हणतील, मामा-भाचीचं काहीतरी शिजतंय. त्यांनी हातमोजे काढले नाहीत. सरळ गेज उचललं.

भाचीने आपला हात इंजिनावर ठेवायला पुढे केला होता, तो चटका बसून मागे घेतला. “मामा, हात लाव ना आधी. तापलंय अजून.”

“इथे मी तुझा मामा नाही,” मापाडी म्हणाले. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपण फार ताठ उभे आहोत असं वाटलं, हे सांगायलाच हवं.

गेजचा काटा हद्दीच्या जरासा पलीकडे गेला. बारीकशा केसाइतका. चारही सिलिंडर तसेच. मापाड्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि शेडमध्ये जी शांतता पसरली ती त्यांना चक्क कौतुकासारखी वाटली. सख्ख्या भाचीलाही सोडलं नाही. कप बेकरीवाल्याकडे गेला, भाचीला पुढचा हंगाम बंद.  ती पाने पुसून डब्यात ठेवत राहिली, एकेक, जागच्या जागी.

पुरावा म्हणून इंजिन मापाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडं राहिलेलं लोखंड गंजू नये म्हणून ते तेलाचं फडकं घेऊन वाकले आणि टेकायला म्हणून त्यांनी डावा हात इंजिनावर ठेवला. इंजिन माठासारखं गार होतं. हात ठेवला तेव्हा त्यांना आठवलं, की काल ठेवला नव्हता.

गेज घेऊन त्यांनी पुन्हा मोजलं. काटा हद्दीच्या आत. चारही सिलिंडर आत.  जे नव्या माणसाच्या डोक्यात ते हातोडीने बसवत, तेच ते स्वतः विसरले होते. विसरले तरी कुठे होते? तिने आठवण करून दिली होती.

क्लबाच्या सचिवांना, म्हणजे चष्म्याच्या दुकानवाल्यांना, त्यांनी लगेच फोन लावला. तेवढा मोठेपणा त्यांना द्यायला हवा. पण तोंडातून आलं ते असं : “गेजने दगा दिला हो. आतली स्प्रिंग ढिली झाली होती.”

“यंत्र आहे, चालायचंच,” सचिव म्हणाले. “तुमची काय चूक? निकाल फिरवू आपण.”

किती सहज सुटलो, असं मापाड्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली. बिचारं गेज टेबलावर पडलं होतं, त्याला तर तोंडही नव्हतं. तीच थाप पाठ करत ते बहिणीच्या घरी गेले.

बहिणीने दार उघडलं. डोळे सुजलेले. “ये. ती आतल्या खोलीत आहे. मी बोलत नाही तिच्याशी.”

“ताई, अगं—”

“मला म्हणते कशी, मामा चुकला. मी म्हटलं, माझ्या भावाचं माप आजवर चुकलेलं नाही. लबाडी करायची ती करायची आणि वर मामावर ढकलायचं?” बहीण थांबली. “थोबाडीत दिली मी तिच्या. एवढ्या मोठ्या मुलीच्या. जन्मात कधी हात उगारला नव्हता.”

मापाडी चपलासुद्धा न काढता तिथेच उभे राहिले. धरणीने पोटात घ्यावं, असं माणूस म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, ते त्यांना त्या उंबरठ्यावर कळलं. “ताई, तिचं इंजिन बरोबर आहे. गेज बिघडलं होतं.”

आतल्या खोलीच्या दारात भाची येऊन उभी होती. “गेज बिघडलं होतं, की हात ठेवला नव्हता?”

पाठ केलेली थाप मापाड्यांना पुन्हा सांगवली नाही. “हात ठेवला नव्हता.”

“का?”

“लोक काय म्हणतील म्हणून.”

“माझ्याबद्दल?”

“नाही,” मापाडी म्हणाले. “माझ्याबद्दल.”

बहीण मटकन खुर्चीत बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. भाची आधी आईजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मामाकडे न बघताच तिने विचारलं, “हे शेडमध्ये सांगाल? गेजचं नाही, हे?”

बोलायला लागल्यापासून तिने मामाला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मापाड्यांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, टेबलाशी उभं राहून. गेज ठीक होतं, मीच घाई केली. तिने थांबायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि वर तुम्हाला स्प्रिंगची थाप मारली. बेकरीवाल्याचा चेहरा पडला, त्याने कप फडक्याने पुसून भाचीच्या हातात दिला. बाकीचे म्हणाले, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मापाड्यांनी काम सोडतो म्हटलं, तर सचिवांनी हात जोडले : तुमच्यासारखा दुसरा आणायचा कुठून? असं म्हणून त्यांनी मापाड्यांना पुन्हा त्याच टेबलाशी उभं केलं.

नव्या हंगामाची अखेरची शर्यतही भाचीनेच जिंकली. गाडी तिने स्वतः ढकलत शेडमध्ये आणली, हेड उतरवलं आणि बाजूला झाली. “तपासा.”

मापाड्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि उघडा तळहात इंजिनावर टेकला. चटका बसला. हात काढून पुन्हा ठेवला. पलीकडून तिनेही ठेवला. थंड व्हायला अजून बराच अवकाश होता, आणि पद्धतीप्रमाणे आता घरच्या गप्पा मारायच्या होत्या. शेडमध्ये कुणी चहाचा घोटही घेत नव्हतं.

बराच वेळ शब्द जुळवून मापाड्यांनी हळूच विचारलं, “ताईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे गं?”

भाचीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्यांना काही बोलता तरी आलं असतं.

“इथे तुम्ही माझे मामा नाही,” ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून लोखंड निवायची वाट बघत उभी राहिली.