टपालाने मागवलेली आठवण

स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्यांची जाहिरात कुठेही दिसली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा म्हणतो, पान उलट ना, तुला वाचायला कोण सांगतं? पण मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. या लोकांनी इतक्या वर्षांत एखादं नवं वाक्य तरी लिहिलंय का, ते बघते. लिहिलेलं नसतं.

आमच्या घरात ती जाहिरात रद्दीतून आली. आम्ही नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या बाजूला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, आणि काका मिळून फुलांचा मळा करायचे आणि आई रोज सकाळी पंचवटीतल्या घरांना फुलपुडी पोचवायची. पुडी म्हणजे देवपूजेपुरती फुलं, पानात बांधून दाराच्या कडीला अडकवलेली. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक घराचा देव वेगळा आणि हट्टही वेगळा. सोमवारी कुणाला बेल, मंगळवारी कुणाला लाल जास्वंद, कुणाच्या सासूला झेंडूचा वास सहन होत नाही, कुणा सवाष्णीला शुक्रवारी अबोलीची वेणी. घरात सुतक आलं की पुडी बंद, आणि ते कधी फिटतं हे पुडीवालीने आपणहून ध्यानात ठेवायचं. दुःखातल्या घराला ‘उद्यापासून टाकू का’ असं विचारायला जायचं नसतं. आईला लिहितावाचता येत नव्हतं. हे सगळं ती डोक्यात वागवायची, जशी बाकीच्या पुडीवाल्याही वागवायच्या.

मी दहावीत गेले त्या वर्षी, सत्तरचं दशक संपत आलेलं असताना, आईला ताप आला आणि तो मेंदूत गेला. दवाखान्यातून ती परत आली ती अर्धीच. माहेरच्या देवळा गावातले कांद्याचे वाफे तिला आठवत, लग्नात कोण रुसून बसलं होतं ते आठवे, मी कोण, नाना कोण, सगळं ठीक. पण नवीन सांगितलेलं काही टिकत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत जायचं आणि जुन्यातल्याही बारीकसारीक गोष्टी एकमेकींत मिसळायच्या. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब समजा.

ती आजारी असताना काकूने तिची घरं सांभाळली. घरं म्हणजे पुडीची गिऱ्हाइकं. आई उठून हिंडायला लागल्यावर निम्मी घरं तिच्याकडे परत आली आणि तक्रारी सुरू झाल्या. महादेवाचा बेल कृष्णाला गेला, एका दाराची पुडी शेजारच्या दाराला लागली. पंचवटीतली माणसं देवाच्या बाबतीत भलती काटेकोर. नानांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं, संक्रांतीपर्यंत बघू, नाहीतर सगळी घरं काकूकडे आणि तू घरी बस. ते चिडून नाही बोलले. तिच्याकडे न बघता बोलले, म्हणून मला जास्त लागलं.

“घरात बसवू नका मला,” आई म्हणाली. “घरात बसले का मी सगळंच इसरंन. त्या दारांवरून गेलं का थोडंथोडं येतं मला.”

नाना उठून मळ्यात गेले. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती मला म्हणाली, “तू शिकलेली हायेस ना? मग काय तरी कर.”

आता दहावीतल्या पोरीने काय करायचं? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमची काडी रद्दीत होती. पळसाची पानं मिळेनाशी झाली की आम्ही किलोने रद्दी आणून तिच्यात पुड्या बांधायचो. त्यातल्या एका मासिकाच्या पानावर चौकट होती. एका माणसाच्या कपाळातून किरण निघताहेत आणि खाली लिहिलंय, ‘आपली स्मरणशक्ती दगा देते काय? घरबसल्या टपालाने अभ्यास करा.’ दूरच्या एका मोठ्या शहरातला टपालपेटी क्रमांक होता. मासिक जुनं होतं, तरी मी कूपन कापून पाठवलं. काही दिवसांनी व्ही. पी. आली. नानांनी पोस्टमनला पैसे दिले आणि काय मागवलं म्हणूनही विचारलं नाही.

तो कोर्स आमच्यासाठी नव्हताच, हे पहिल्याच पानावर कळायला हवं होतं. ‘प्रिय विद्यार्थी मित्रा’ अशी सुरुवात. मजकूर कुणी इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत ओढत आणलेला. पुढे मला कळलं की हे धडे माझ्या जन्माच्या आधीपासून फिरत होते. कधी विक्रेत्यांसाठी, कधी वक्त्यांसाठी, कधी परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, प्रत्येक वेळी मुखपृष्ठ नवं आणि आतली उदाहरणं तीच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागलेल्या माझ्या मावसभावाकडे खात्याच्या परीक्षेसाठी आणलेली पुस्तिका होती, तिच्यावर दुसऱ्याच संस्थेचं नाव होतं. आत मात्र आमच्या पहिल्या धड्यातलाच दिवाणखाना आणि त्यात तोच पियानो.

“पियानो म्हंजी काय?” आईने विचारलं.

“पेटीसारखा असतो. मोठा.”

“एवढा मोठा हाय तर तो कोन इसरंल?” ती म्हणाली, आणि मला पटलं.

धड्यात सांगितलं होतं की आपल्या घराच्या खोल्या डोळ्यांसमोर आणा आणि लक्षात ठेवायची एकेक वस्तू एकेका खोलीत ठेवा. आमच्या दोन खोल्या आणि एक पडवी. मी पोरगी पण डोकेबाज, मी म्हटलं, पंचवटीची गल्लीच आपलं घर, एकेक दार म्हणजे एकेक खोली. मग रोज संध्याकाळी मी धडा वाचायची आणि आई डोळे मिटून गल्लीतून चालायची. ती इतकी जिवाच्या आकांताने चालायची की कपाळाला घाम यायचा. दोनतीन दारं नीट जायची, चौथ्याला ती थांबायची, ओठ हलायचे, मग डोळे उघडून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला अजून सहन होत नाही. शाळेत उत्तर न येणारी पोरं असं बघतात, पण त्यांना निदान घंटा वाजण्याची आशा असते.

प्रत्येक धड्यामागे एक उत्तरपत्रिका भरून पाठवायची असे. मी तिच्या तळाशी लिहिलं, विद्यार्थिनी माझी आई आहे, तिचा ताप मेंदूत गेला होता, तिने वेगळं काही करावं काय? छापील उत्तर आलं. ‘आपली प्रगती समाधानकारक आहे.’

नंतरच्या धड्याने मात्र खरोखर काम केलं. त्यात म्हटलं होतं, साधं चित्र मन टाकून देतं, हास्यास्पद चित्र धरून ठेवतं. जितकं वेडगळ तितकं पक्कं. मी काही चित्रं सुचवली, सगळी मिळमिळीत. मग आम्ही वकीलसाहेबांच्या दारापाशी आलो. वकीलसाहेबांना भल्या मोठ्या मिश्या होत्या आणि त्यांच्या पत्नीला दर शुक्रवारी अबोलीची वेणी लागायची. आई डोळे मिटूनच म्हणाली, “वकीलसाहेबांनी मिशीला येणी गुंडाळली!” आणि हसत सुटली. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. ती पदर तोंडात कोंबून हसली, मी हसले, पलीकडून काकू डोकावली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. पुढच्या शुक्रवारी वेणी चुकली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग आईने स्वतःच प्रत्येक दाराला असलं काहीतरी चिकटवलं. मास्तरांच्या मारुतीने शेपटीला रुईची माळ बांधली, जिन्यावरच्या आजी दूर्वा चघळत बसल्या. तक्रारी कमी झाल्या. नाना एकदा जेवताना तिच्याकडे बघून म्हणाले, “बरंय आता तुझं.” मला वाटलं, जिंकलो.

आणि दिवाळीच्या तोंडावर वकीलसाहेब वारले. कोर्टातून आले, पाणी मागितलं आणि गेले.

पुडी बंद झाली. मी आईला रोज सांगत होते, काकू सांगत होती, नाना सांगत होते. आई दर वेळी तेवढीच हळहळायची, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. तेरावं झाल्यावर वकिलांच्या घरून निरोप आला की देवापुरती साधी पुडी पुन्हा सुरू करा. मी कोर्सची सगळी पानं उलटून पाहिली. चिकटवलेलं चित्र काढायचं कसं, हे एकाही धड्यात नव्हतं. लक्षात ठेवायला शिकवणाऱ्या कुणालाही वाटलं नव्हतं की जगात माणसं मरतात आणि गोष्टी बदलतात. आईच्या डोक्यात नवीन काही शिरत नव्हतं, आणि हे एक शिरलेलं आता निघत नव्हतं. मी म्हटलं, आई, त्या मिश्या पुसून टाक. ती डोळे मिटून प्रयत्न करायची. “वकीलसाहेब गेले. येणी नाय. वकीलसाहेब गेले. येणी नाय.” फुलं निवडताना, भाकरी थापताना तिचं हेच चाललेलं असे.

पुडी सुरू करायचा तो दिवस नेमका शुक्रवार होता. सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेले. टोपलीत दुसऱ्या घरांच्या वेण्या होत्याच. मी समोरच्या जिन्यावर आजींची पुडी द्यायला चढले, दोन मिनिटांचं काम. आईला म्हटलं, तू इथेच थांब. वरून खाली पाहिलं तर आई वकिलांच्या दारात.

एरवी पुडी कडीला लावायची आणि निघायचं. पण त्या दिवशी दार उघडलं आणि वकिलीणबाई स्वतः बाहेर आल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. आईने टोपलीतून कुणाचीतरी अबोलीची वेणी काढून पुढे धरली होती. “घ्या बाई, तुमची अबोली,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. तेच हसू, पदर तोंडात कोंबलेलं. त्या चित्राशिवाय तिच्या डोळ्यांपुढे काही नव्हतं. मी जिन्यावरून ओरडले, “आई!” गल्लीतली दोनचार माणसं थांबली.

आणि हसता हसताच तिला आठवलं. मी ते तिच्या तोंडावर पाहिलं. ओठ अजून हसत होते आणि डोळ्यांना कळलं होतं. ती हसू थांबवायला बघत होती आणि ते लगेच थांबेना.

“आता नको,” वकिलीणबाई म्हणाल्या. फक्त एवढंच, आणि दार लावून घेतलं. आतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, “कोण ती निर्लज्ज? माझा मुलगा गेला आणि दारात खिदळतेय!”

घरी अंगणात आल्यावर आईने टोपली काकूपुढे ठेवली आणि म्हणाली, “घे बाई. घरं तुझी.” मी काकूवर ओरडले, नानांवर ओरडले, हे सगळं तुम्हाला हवंच होतं म्हणाले. त्या दोघांनी मला ओरडू दिलं. काकू तर रडतच होती.

पुढे कधीतरी कोर्सचं प्रमाणपत्र आलं, आईच्या नावाचं, जाड कागदावर, प्रथम श्रेणीत उत्तीर्ण. मी ते फाडून चुलीत घातलं.

आई म्हणाली होती तसंच झालं. घरात बसली आणि गोष्टी जात राहिल्या. माझं लग्न तिने पाहिलं आणि विसरली. जावयाला ती दर खेपेला नव्याने चहा विचारायची, गाव विचारायची. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन म्हणायची, “कोनाचं गं हे गोड?” पण ते दार राहिलं. सगळं वाहून जाताना ते तेवढं राहिलं. मी माहेरी गेले की पहिल्या तासाभरात ती मला बाजूला ओढायची आणि हळूच विचारायची, “मी हसले ना गं तिथं?” सुरुवातीला मी समजावलं, तू आजारी होतीस, तुला माहीत नव्हतं. मग खोटं बोलून पाहिलं, की असं काही झालंच नाही. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. “हसले मी,” म्हणायची.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास नाना गेले. मी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या. आईला मध्ये बसवलं होतं आणि तिला कितपत कळलंय, याचा कुणालाच अंदाज नव्हता. काकू तिच्या समोर बसली होती. कुंकू पुसायला तिने हात उचलला, पण तिचा हात पुढे जाईना. आईने तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे पाहिलं, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली:

“दारात येऊन कोनी हासली, तर तिला कोनी बोलू नका गं. तिला ठाऊक नसंल.”

काकूने तिचा हात हातात घेतला. “नाय बोलत कोनी,” ती म्हणाली.